खाण्यात गेलेला पगार

घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला, त्या रविवारी आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसं जेवायला होती. दीर, जाऊ, नणंद, तिचे यजमान आणि ह्यांच्या कारखान्यातले दोन-तीन मित्र. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट करायचे. त्या कामाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

सकाळपासून मी आणि मुलगी स्वयंपाकात होतो. चौथ्या दिवशी येणारं पाणी नेमकं आदल्या दिवशी आलंच नव्हतं, म्हणून टँकर मागवला होता. बाहेरच्या खोलीत पंगत बसली. मी वांग्याची भाजी वाढत होते आणि हे मित्रांना सांगत होते, "पंधरा वर्षं. एक हप्ता चुकवला न्हाई. इकडं कारखाना बंद पडायची वेळ आली हुती, तरी न्हाई. घर केलं मी."

माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अव्वा म्हणतात, पाटावर बसल्या होत्या. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, निम्मं बोलणं कानडीत. त्यांनी नणंदेच्या यजमानांना सांगितलं, "घरच काय, माझी औषधं बगा. महिन्याच्या महिन्याला गोळ्या, डोळ्यात घालायचं थेंब. माझा ल्येक एक दिवस खंड पडू देत न्हाई."

मी वाढत पुढे गेले. तेवढ्यात दीर म्हणाले, "वहिनी, दादानं घर फेडलं. तुमचा पगार तर सगळा शिल्लकच असंल की. किती साठवलं, सांगा तरी."

सगळे हसले. हेही हसले. आणि म्हणाले, "तिचा पगार काय, हिकडनं आला, तिकडनं गेला. खाण्यापिण्यात."

मी भाजीचं भांडं घेऊन आत आले, दुसऱ्यांदा भरलं आणि पुन्हा वाढायला गेले. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज आठवलं तरी त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग येतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी बँकेत गेले. पासबुक छापायचं मशीन बाहेरच्या खोलीत असतं. रांग होती. माझा नंबर आल्यावर पासबुक आत सरकवलं, ते खरखर करत बाहेर आलं. शिल्लक अकरा हजार आणि काही रुपये. पगार झाल्यावर दहाव्या दिवसाची ती शिल्लक होती. बावीस वर्षांच्या नोकरीची.

मी तिथेच बाकावर बसले आणि मागची पानं चाळली. पाचशे, दोन हजार, अडीचशे, तीन हजार. नुसते आकडे. कुणाला दिले, कशासाठी दिले, मलाही सांगता येईना. दिरांनी उद्या खरंच विचारलं असतं, की दाखवा, तर दाखवायला माझ्याकडे काय होतं? दूध आम्ही पिऊन टाकलं होतं. ज्वारी खाऊन टाकली होती.

हे असं कसं झालं, तेही सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा ह्यांचा पगार थोडा आणि माझा त्याहून थोडा. तेव्हा हेच म्हणाले होते, तुझ्या पगारात घर चालवू, माझ्या पगारात मोठं काहीतरी करू. मला ते पटलं होतं. त्यात काही कपट होतं असं मी आजही म्हणत नाही. पुढे मुलगी चार वर्षांची असताना हा फ्लॅट घ्यायचं ठरलं. लॅबमध्ये तेव्हा पगार रोख मिळायचा, पाकिटात घालून. बँकेने पगाराची चिठ्ठी मागितली, ती ह्यांच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. म्हणून कर्ज ह्यांच्या नावावर आणि फ्लॅटही ह्यांच्याच नावावर. सुरुवातीला भरायला पैसे कमी पडले, तेव्हा माझ्या दोन पाटल्या मोडल्या. माझ्या वडिलांनी करकंबहून उसाचं बिल आल्याबरोबर साठ हजार आणून दिले. खताच्या पिशवीत गुंडाळून आणले होते त्यांनी, एसटीत कुणाला कळू नये म्हणून. त्याची कुठे नोंद नाही. नोंद करावी असं कुणाला सुचलंही नाही. घरच्या घरात कोण नोंदी करतं?

मग मी ठरवलं की आता नोंद करायची. पैसे वाचावेत म्हणून नव्हे. पुढच्या वेळी कुणी हसलं, तर समोर ठेवायला काहीतरी हवं म्हणून.

पहिल्यांदा वही आणली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. तारीख, वस्तू, रक्कम असे रकाने आखले आणि फ्रिजवर ठेवली. चार दिवस नीट लिहिलं. पाचव्या दिवशी लॅबमधून येताना भाजी घेतली, रिक्षाचे दिले, मुलीला झेरॉक्सला दिले, अव्वांसाठी केळी घेतली. घरी येऊन कुकर लावेपर्यंत त्यातलं निम्मं विसरले. तेराव्या दिवशी तर सरळ अंदाजाने लिहिलं. हिशेब लिहिताना अंदाज आला की तो हिशेब मेलाच. लॅबमध्ये मी असं एक दिवस केलं असतं, तर मला घरी बसवलं असतं.

आणि एका संध्याकाळी ह्यांचे एक मित्र चहाला आले असताना ह्यांनी ती वही उचलली आणि मोठ्याने वाचायला लागले. "कोथिंबीर, दहा. लिंबं, पंधरा. रबर बँड, पाच. आरं, आमच्या घरात मोठा कारभार चाललाय!" मित्राने माझ्याकडे बघितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. मी वही त्यांच्या हातातून घेतली. त्यांच्या पंधरा वर्षांच्या हप्त्यांची फाईल कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुलपात होती. ती कुणी चहाबरोबर वाचून दाखवली नव्हती. माझ्या कोथिंबिरीचं मात्र हसू होतं. मी वही रद्दीत टाकली.

मुलगी म्हणाली, "मम्मी, वही कोण लिहितं आता? ॲप घे." तिने माझ्या फोनमध्ये एक खर्चाचं ॲप घातलं. ते बँकेचे मेसेज वाचतं आणि आपोआप खर्चाची वाटणी करतं म्हणे. आठ दिवस ते मी मुकाट्याने वापरलं. आमच्या भाजीवाल्या मावशींचं स्कॅनरवरचं नाव त्यांच्या मुलाचं आहे, तर ॲपने भाजी 'वैयक्तिक देणं' मध्ये घातली. दूधवाल्याला 'प्रवास' मध्ये घातलं, का ते मला आजतागायत कळलं नाही. अव्वांच्या गोळ्या, नणंदेच्या घरचा आहेर, पाण्याचा टँकर, ज्वारी दळून आणलेली, हे सगळं मिळून एक मोठं गोल चक्र दाखवायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'इतर'.

इतर! घर ज्याच्यावर चालतं ते सगळं इतर.

नवव्या दिवशी दुपारी लॅबमध्ये सुई हातात असताना फोन वाजला. सुट्टीत बघितलं, तर ॲपने मला उपदेश केला होता. 'या महिन्यात तुम्ही खाण्यावर फार खर्च करत आहात. थोडा हात आखडता घ्या.' त्याच्याच खाली कर्जाची जाहिरात, पाच मिनिटांत मिळेल म्हणून. चार माणसांच्या घरात भात-भाकरी खाण्यावर मला फोनने दम दिला. मी तिथल्या तिथे ते ॲप काढून टाकलं. माझ्यासोबत काम करणारी बाई म्हणाली, "काय झालं? एवढ्या जोरात काय दाबताय?" मी तिला सगळं सांगितलं.

ती माझ्यापेक्षा वयाने लहान, पण शहाणी. टोप्या लावलेल्या नळ्या रॅकमध्ये ठेवत ती म्हणाली, "ताई, आपण इथं आठवून लिहितो का? पेशंट आला की दारातच नंबर पडतो. नंतर नळी कुठेही फिरू दे. तुम्ही घरात पैसा जाताना लिहिताय. तो शंभर वाटांनी जातो. येताना एकदाच येतो. तिथंच पकडा की."

तिने सहज बोलावं तसं सांगितलं. पण मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. आणि दोन दिवसांनी मी बँकेत जाऊन दुसरं खातं उघडलं.

काउंटरवरच्या पोराने विचारलं, "मॅडम, तुमचं खातं आहे की. अजून कशाला?"

"घराचं आहे," मी म्हटलं.

"घराचं म्हणजे होम लोन?"

"नाही. घराच्या खाण्याचं."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

पद्धत अशी ठेवली. पगार झाला की घरासाठीची रक्कम उचलून त्या खात्यात टाकायची. फोनवरचं स्कॅनिंग त्याच खात्याला जोडलं. घरातलं जे काही असेल, दूध, किराणा, वीज, गॅस, मेडिकल, टँकर, आहेर, ते त्यातूनच. माझी स्वतःची साडी, माझ्या माहेरचं काही, ते माझ्या जुन्या खात्यातून. रोख लागणाऱ्या गोष्टींसाठी दर सोमवारी दोन हजार काढून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. डबा रिकामा झाला तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं. लिहायचं काहीच नाही. महिन्याच्या शेवटी पासबुक मशीनमध्ये घातलं की मशीन नावानिशी लिहून देतं.

पहिल्या महिन्यात घराने तेवीस हजार चारशे खाल्ले. दुसऱ्या महिन्यात चोवीस हजार शंभर. माझा पगार सव्वीस हजार आहे.

ते दोन आकडे मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. लॅबमध्ये, बसमध्ये, भाकरी थापताना. मुलीच्या कॉलेजची फी हे भरतात आणि आजवर भरत आले, ते मी नाकारत नाही. हप्ताही भरला, तोही मान्य. पण हप्ता आता संपला होता. ह्यांचा पगार मोकळा झाला होता आणि माझा तिथेच अडकलेला होता. त्यातच मला मुलीकडून कळलं की हे आणि दीर मिळून शहराबाहेर एक प्लॉट बघतायत. दोघा भावांच्या नावावर.

एका रविवारी सकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी पासबुक त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"घराचा खर्च. दोन महिन्यांचा. चोवीस हजार धरा. आता हप्ता नाही, तर निम्मे तुम्ही घालत जा. बारा तुमचे, बारा माझे."

त्यांनी पासबुकाला हातही लावला नाही. "मी तुला कधी हिशेब मागितला?"

"मागायला माझ्याकडे उरायचं काय, की तुम्ही मागाल?"

"अगं, मी पंधरा वर्षं हप्ता भरला. जरा श्वास घेऊ दे की. आता प्लॉटचं बगायलोय. ते झालं की बगू."

"तो कुणाच्या नावावर?"

ते चिडले. "तुझ्या डोक्यात हे नावाचं कुणी भरवलं? नवरा-बायकोत काय नाव असतंय?"

"मग माझं लावायला काय हरकत आहे?"

ते उठून आंघोळीला गेले. विषय संपला असं त्यांना वाटलं.

मी पुढच्या पगाराला घराच्या खात्यात बारा हजार टाकले. एक रुपया जास्त टाकला नाही. उरलेले चौदा माझ्या जुन्या खात्यात ठेवले. ते करताना मी दोनदा थांबले, खोटं कशाला सांगू? अव्वा आहेत, पोरगी आहे, घरात दूध नसलं तर? पण मी टाकले ते बाराच.

अठरा तारखेला खातं रिकामं झालं. सकाळी दूधवाल्याला स्कॅन केलं, तर फोन नाही म्हणाला. मी मुलीला आणि अव्वांना सांगितलं, "घराचे पैसे संपले. आता काय हवं ते ह्यांना सांगायचं." आणि मी कामाला गेले.

दुपारी गॅसची टाकी आली. दारात उभ्या असलेल्या माणसाला द्यायला घरात पैसे नाहीत, हे अव्वांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्यांनी मुलीकडून फोन लावून घेतला आणि कारखान्यात ह्यांना सांगितलं. ह्यांनी तिथून पैसे पाठवले, आणि पाठवताना विचारलं म्हणे, "गॅस एवढा कधी झाला?"

मी सव्वाचारला घरी आले, तर हे माझ्याआधी येऊन बसलेले. शिफ्ट सोडून. तोंड लाल.

"घरात दूध न्हाई, गॅसला पैसे न्हाईत, काय चाललंय हे? अव्वाला दारात उभी केलीस तू?"

मी पर्स ठेवली. पासबुक आणलं. "बारा टाकले होते. संपले. तुमचे बारा यायचे आहेत."

"वेडी झालीस का? चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार हाईस का न्हाई?"

अव्वा आतून आल्या. भिंत धरत पलंगावर बसल्या. त्यांनी माझ्याकडे हात केला. "एन इदु?" म्हणजे, हे काय आहे.

"पासबुक आहे अव्वा. घराच्या खर्चाचं."

"ओदु," त्या म्हणाल्या. वाच. अव्वांना अक्षर येत नाही.

हे म्हणाले, "अव्वा, तू ह्यात पडू नको."

"मी गप बसते. ती वाचंल."

मी वाचायला लागले. दूध. किराणा. वीजबिल. दोन हजार रोख. टँकर. दूध. मग आलं, मेडिकल, अठराशे चाळीस.

"थांब," अव्वा म्हणाल्या. "मेडिकल कुणाचं?"

"तुमचं. बीपीच्या गोळ्या आणि डोळ्यांचे थेंब."

"हे तुझं पैसं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खिडकीकडे बघितलं. मी म्हटलं, "हो."

"ह्या महिन्यात?"

"दर महिन्याला अव्वा. गोळ्या सुरू झाल्यापासून."

मला वाटलं अव्वा रडतील किंवा माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. तसलं काही झालं नाही. त्या माझ्यावरच भडकल्या. "बारा वरसं मी भावकीत सांगत फिरले, माझा ल्येक, माझा ल्येक. देवळात सांगितलं. तुझ्या आईला सांगितलं! तू हितं बसून ऐकत हुतीस. तोंड शिवलं हुतं का तुझं? मला खोटं पाडलंस की गं."

सांगायचं नसतं, मोजून दाखवायचं नसतं, असंच मी शिकले होते. माझ्या आईने तसंच केलं होतं. पण अव्वांचं बरोबर होतं. माझ्या चांगुलपणाने त्यांना बारा वर्षं अडाणी ठेवलं होतं.

मग त्या लेकाकडे वळल्या. "आणि तू? मी सांगत असताना तू हुतास की समोर. तुला तर म्हाईत हुतं."

हे म्हणाले, "अव्वा, मी काय दारू प्यालो? जुगार खेळलो? घरच केलं न्हवं?" त्यांचा आवाज मोठा होता, पण त्यात रागापेक्षा दुसरंच काही होतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांची कीवही आली. माणूस वाईट नाही. पंधरा वर्षं त्याच दोन पँटी घालून कारखान्यात गेला आहे. पण कीव आली म्हणून मी पासबुक मिटलं नाही.

मी म्हटलं, "तुम्ही भरलेला पैसा भिंतीत दिसतो. लोक येतात, बघतात, जेवून जातात. मी भरलेला कुठं दाखवू?"

ते चहा न घेता गाडी काढून बाहेर गेले.

पुढचे बारा दिवस घर ह्यांनी चालवलं. मनाने नव्हे, इलाजच नव्हता. मी सांगायची, तेल संपलंय. ते आणायचे. मुलगी सांगायची, पप्पा, रिचार्ज. अव्वा तर मुद्दाम त्यांनाच हाक मारायच्या, हातात रिकामी गोळ्यांची पट्टी धरून. आमच्यात बोलणं कामापुरतं. एकदा ते भाजी घेऊन आले आणि पिशवी ओट्यावर ठेवताना म्हणाले, "चारशे गेले. पिशवीत तर काय दिसंना." मी गवार निवडत होते, निवडत राहिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवताना ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, "साडेनऊ हजार गेले की माझे. आणि मी तर काहीच आणलं न्हाई."

मुलगी एकदम हसली. ते तिच्याकडे रागाने बघायला गेले आणि मग खाली मान घालून जेवायला लागले. मला हसू आलं नाही. बावीस वर्षांत हेच वाक्य मी कितीदा म्हटलं असेल. तेव्हा उत्तर मिळायचं, तुला नियोजन जमत न्हाई. बारा दिवसांत ह्यांना कळलं आणि मला बावीस वर्षं कुणी विचारलं नाही, ह्याचा राग त्या ताटावर बसून मला नव्याने आला. पाण्याचा घोट घेऊन गिळला.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला लॅबमध्ये फोनवर मेसेज आला. घराच्या खात्यात बारा हजार जमा. सोबत एक शब्द नाही, घरी आल्यावरही नाही. मी माझे बारा टाकले. तेव्हापासून दीड वर्ष झालं, एक महिना चुकलेला नाही. मध्ये किराणा महागला म्हणून रक्कम तेरा-तेरा केली, तेव्हा थोडी कुरकुर झाली, पण केली. पासबुक आता ओट्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेलं असतं. अव्वा महिन्यातून एकदा नातीकडून ते वाचून घेतात आणि मधेच अडवून विचारतात, हे एवढं कशाचं? मला त्याचा त्रास होत नाही. विचारू देत. निदान विचारायला काहीतरी आहे.

प्लॉट दिरांनी एकट्यानेच घेतला. त्यांचं म्हणणं, वहिनीनं दादाला वहीत बांधलं. भेटले की तिरकं बोलतात. मी आता तिथल्या तिथे उत्तर देते. मागच्या दिवाळीत ते म्हणाले, "काय वहिनी, लाडवाचं पण निम्मं निम्मं का?" मी म्हटलं, "हो भाऊजी. निम्मे ह्यांनी वळलेत, म्हणून फुटलेत." जाऊ पदर तोंडाला लावून आत गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, खातं उघडायला कुठली कागदं लागतात म्हणून.

राहिला फ्लॅट. तो ह्यांच्या एकट्याच्या नावावर होता. मी विचारलं की ते म्हणायचे, करू की, पळून चाललोय का कुटं. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. मला वाटलं होतं की बारा हजार आले म्हणजे सगळं आपोआप येईल. तसं होत नाही. एक गोष्ट मिळवली की दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून तेवढंच भांडावं लागतं, आणि माणसं वर म्हणतात, हिला आता अजून काय पायजे?

शेवटी ह्या महिन्यात मी अर्धी रजा टाकली आणि सात रस्त्याजवळ एका वकिलाकडे गेले. नवऱ्याने बायकोला घरात हिस्सा बक्षीस म्हणून लिहून द्यायचा, असा दस्त असतो म्हणे. खर्च मला वाटला होता त्याच्या मानाने काहीच नव्हता. 'बक्षीस' हा शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पाटल्या, वडिलांचे साठ हजार, इतक्या वर्षांचा पगार, आणि कागदावर मला घर बक्षीस! मी वकिलांना म्हटलं, दुसरा शब्द नाही का? ते म्हणाले, "बाई, कायद्यात हाच आहे. घ्या, शब्दात अडकू नका."

मी घरी येऊन तारीख सांगितली आणि कोणती कागदं आणायची ते सांगितलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

त्या दिवशी मी एकटीच रिक्षाने गेले. नोंदणी कार्यालयाच्या बाहेर ऊन तापलेलं, आत बाकावर जागा नाही. साडेअकरा झाले. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. वकिलांचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, साहेब आले का? मी म्हटलं, येतील. आणि खरं तर मला माहीत नव्हतं.

बाराला दहा कमी असताना हे आले. हेल्मेट काखेत, शर्ट घामाने चिकटलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली ती फाईल. माझ्याकडे न बघता शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "सुट्टी देत नव्हते. भांडून आलो."

"किती वाजता?" मी विचारलं.

"साडेदहाला."

"कारखान्यातून इथं यायला सव्वा तास लागत नाही."

हेल्मेट दुसऱ्या काखेत घेत ते म्हणाले, "खाली चहाच्या गाड्यावर बसलो हुतो."

मी काही म्हणणार, तेवढ्यात आतून आमची नावं पुकारली. आधी त्यांचं, मग माझं.